भांडायला आलेली बाई

“काका, तुम्ही याचे मामा का?” माचणूरकर सरांनी विचारलं.

फळ्यासमोर उभं राहून आमच्या मशीनच्या नावानं शिमगा करणारा तो दणकट गृहस्थ एकदम गप्प झाला.

“न्हाई बा. मी गिऱ्हाईक हाय.” एवढं म्हणून त्यानं नेमकं नको तेव्हा बसवराजकडं बघितलं.

“नाक तेच आहे,” सर म्हणाले. “बसा मामा. आता चहा घेऊनच जायचं.”

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. बसवराज हत्तुरे, माझा प्रोजेक्टमधला जोडीदार, पेन शोधायला म्हणून बाकाखाली जो वाकला तो तास संपेपर्यंत वर आला नाही. मला मात्र हसू येत नव्हतं. मामा पकडले गेले म्हणजे आमचे मार्क गेले, आणि आता खरी तक्रार कुठून पैदा करायची या विचारानं माझं डोकं तापलं होतं.

हे सगळं नीट सांगायला हवं, नाहीतर आम्ही वेडे होतो असं वाटेल. सोलापूरच्या आमच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला माचणूरकर सरांचा एक विषय होता. डोक्यातल्या कल्पनेतून बाजारात विकली जाईल अशी वस्तू कशी घडवायची, हे त्यात शिकायचं. इतर प्राध्यापक अशा विषयात तक्ते काढून घेतात, बाइंडिंग केलेला रिपोर्ट घेतात आणि पास करतात. सरांचं तंत्र निराळं. वस्तू बनवायची, खऱ्या माणसांना खऱ्या कामासाठी वापरायला द्यायची, आणि मग त्यातलं एखादं माणूस वर्गात आणून उभं करायचं. त्यानं आमच्यासमोर तक्रार करायची. तक्रार खरी असली तर मार्क, नाहीतर भोपळा. शाबासकीची पत्रं, पेपरातली कात्रणं, आमदारांसोबत काढलेले फोटो असलं काहीही ते हातात धरत नसत. स्टाफरूममध्ये या प्रकाराला ‘माचणूरकरांचा भांडणाचा तास’ म्हणायचे, आणि प्रिन्सिपलसाहेबांना त्याचं नाव काढलं तरी आंबट ढेकर यायचा.

“सर, पण ओळखलंत कसं?” तास संपल्यावर बसवराजनं निर्लज्जपणे विचारलं.

“खरं भांडणारा माणूस हातातलं काम टाकून आलेला असतो बाळा. त्याला बसायला सवड नसते. तुझे मामा आल्यापासून पंख्याखालची खुर्ची शोधत होते.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “विजू, तुम्ही मशीन दिलेल्या बायका काय म्हणतात?”

“खूश आहेत सर. तिघीही. फोन केला की म्हणतात, लई छान चाललंय.”

“अरेरे,” सर म्हणाले आणि खरोखरच वाईट वाटल्यासारखा चेहरा करून निघून गेले.

मला असा राग आला की सांगायची सोय नाही. आमचं मशीन चांगलं होतं. शेंगाचटणी म्हणजे सोलापूरचा जीव. मिक्सरमधून काढली की तिचा नुसता भुगा होतो. उखळात घालून मुसळानं कुटली तरच दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी ओलसर, लालभडक होते. पण कुटणाऱ्या बाईचे खांदे कामातून जातात. घरोघरी चटणी करून विकणाऱ्या कितीतरी बायका होत्या आणि चाळिशीतच त्यांचा हात वर होत नसे. म्हणून आम्ही मोटरवर उचललं जाणारं मुसळ बनवलं. खाली दगडी उखळ, वर लोखंडी सांगाडा, बटण दाबलं की धप्प, धप्प, धप्प. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मी आणि बसवराजनं एकेक सांगाडा स्वतः वेल्डिंग करून उभा केला. बसवराजनं मशीनला माझंच नाव दिलं, ‘विजया’. का, तर म्हणे आवाज सारखाच आहे.

अशी तीन मशीनं आम्ही तीन बायकांकडं ठेवून आलो होतो. जोडभावी पेठेतल्या सुलोचनाकाकूंनी तर माझी ओटी भरली. जैतुनबींनी दोघांची दृष्ट काढली. तिसऱ्या महानंदाबाई बिराजदार शहराच्या कडेला नव्या वस्तीत राहायच्या. त्या काही बोलल्या नाहीत. मशीन कुठं ठेवायचं तेवढं बोटानं दाखवलं आणि दाणे भाजायला आत निघून गेल्या. त्यांच्याकडं फोन नव्हता. शेजारच्या दुकानात फोन केला की दुकानदार म्हणायचा, “बरंय म्हणं.”

तर, मार्कांचं एक सोडा. माझ्या बाबतीत त्याहून मोठं काहीतरी त्या तक्रारीवर अडकलं होतं.

पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं कॉलेजात येऊन मुलाखती घेतल्या होत्या आणि माझी निवड झाली होती. आम्ही पद्मशाली, घरी तेलुगू बोलणारे. माझे वडील, म्हणजे नाना, चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. माग बंद पडला, सूत तुटायला लागलं, की ज्याला हाक मारतात तो माणूस म्हणजे जॉबर. आमच्या गल्लीतली एकही मुलगी तोवर नोकरीसाठी सोलापूरबाहेर गेलेली नव्हती. नानांनी पेढे वाटले ते आमच्या गल्लीत आणि पलीकडच्या गल्लीतही. आणि मला तर जायचंच नव्हतं! मला ‘विजया’ बनवायची होती. कारखाना काढायचा होता. हे घरात बोलायची माझी छाती नव्हती, म्हणून मी सरांना गाठलं.

“सर, मी राहू की जाऊ?”

“मला विचारू नकोस.”

“मग कुणाला विचारू?”

“तुझं मशीन कुणाला हवंय का ते बघ. हवं असेल तर राहा. नसेल तर पुणं गाठ आणि सुखात राहा, त्यात कमीपणा काही नाही.”

“हवंय की सर! तिघी सांगतात ना—”

“सांगतात ते सोड गं. हवं असलं की माणूस भांडतो. तुझ्याशी अजून कुणी भांडलं नाही.”

कंपनीला सोमवारपर्यंत कळवायचं होतं. मामांचा फजितवाडा झाला तो बुधवारी. गुरुवारी सकाळी मी बसवराजला म्हटलं, चल, आपण स्वतः जाऊन बघू.

जोडभावी पेठेच्या बोळात शिरलो आणि लांबूनच आवाज आला. धप्प, धप्प, धप्प.

“चालू हाय की बे!” बसवराज उडीच मारायचा बाकी होता. “ऐक, ऐक! सरांना बोलवून ऐकवू या का?”

दारात पोचलो. ‘विजया’ बाहेरच्या खोलीत दर्शनी भागात उभी होती. तिच्यावर लोकरीनं विणलेलं झाकण. मोटरवर हळदीकुंकवाची बोटं. मुसळाला झेंडूची माळ, वाळून कोळ झालेली. दसऱ्याला घातलेली असावी. आणि धप्प धप्प आवाज मागच्या परसातून येत होता. सुलोचनाकाकू जुन्या उखळापुढं उभ्या राहून हातानं चटणी कुटत होत्या. पदर कमरेला खोचलेला, कपाळावरून घाम गळतोय.

“काकू, मशीन?”

“अगंबाई, आलात का लेकरांनो! बसा, बसा.”

“काकू, तुम्ही मशीन वापरत नाही?”

“वापरून खराब झालं म्हंजे? परीक्षा हाय म्हणत हुता न्हवं तुमची. मी बोट लावू दिलं न्हाई कुणाला. पोरं चेंडू खेळत्यात म्हणून वर झाकण विणलं.”

“पण फोनवर तर म्हणालात, छान चाललंय...”

काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि अगदी मायेनं म्हणाल्या, “मग काय सांगायचं बाळा? एवढी गुणी लेकरं तुमी, एवढ्या उन्हाचं वजन उचलून आणलंत. तुमचं मन मोडायचं व्हय?”

जैतुनबींकडं तेच. झाकण नव्हतं एवढंच. मशीन पाहुण्यांना दाखवायच्या जागी, काचेच्या कपाटाशेजारी उभं होतं. “सब लोगां देखने कू येतात,” त्या कौतुकानं म्हणाल्या आणि आम्हाला बसवून शिरा खाऊ घातला. तो शिरा मी कसाबसा संपवला. महानंदाबाईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, बाजाराला गेल्यात, कधी येतील नेम नाही. बसवराज थांबू या म्हणत होता, पण मीच नको म्हटलं. एकाच दिवशी आणखी एक शिरा खायची माझी तयारी नव्हती.

परतीच्या वाटेवर सगळं माझ्या लक्षात आलं. इतके दिवस ज्या कौतुकावर मी तरंगत होते ते सगळं माझ्या वयाचं, माझ्या घामाचं, माझ्या मुलगी असण्याचं कौतुक होतं. मशीनचं कौतुक त्यात कुठंच नव्हतं. मशीन त्यांना नकोच होतं, आणि नको म्हणण्याइतकं परकंही त्यांनी आम्हाला मानलं नाही.

“सोमवारी कंपनीला हो कळवते,” घराजवळ आल्यावर मी म्हटलं.

शनिवारी कॉलेजात तपासणीसाठी समिती आली. त्याआधी आठवडाभर भिंतींना रंग, फाटकाला आंब्याची तोरणं, कुंड्यांमधून उसनी फुलझाडं अशी धांदल चालली होती. हॉलमध्ये सगळ्या शाखांचे प्रोजेक्ट मांडलेले. आमचं राहिलेलं एक नमुन्याचं मशीन बसवराजनं तेल लावून असं चमकवलं होतं की त्यात तोंड दिसावं. मी इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घालून मख्खासारखी उभी होते आणि समितीतले पांढऱ्या केसांचे अध्यक्ष आमच्या तक्त्यासमोर येऊन “व्हेरी नाइस” म्हणत होते. प्रिन्सिपलसाहेब कृतकृत्य.

तेवढ्यात फाटकाकडून आरडाओरडा ऐकू आला. आधी शिपायाचा, मग एका बाईचा, आणि बाईच्या आवाजापुढं शिपायाचा विरून गेला.

“कुठंयत ती पोरं? मशीन देणारी! कॉलेजात आसतील न्हाईतर मसणात आसतील, मला आत्ताच्या आत्ता पायजेत!”

महानंदाबाई हॉलच्या दारात उभ्या होत्या. केस सुटलेले, दंडापर्यंत तिखटाचा लाल रंग, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला. त्यांच्यामागं रिक्षावाला आणि शिपाई दोघं मिळून ‘विजया’चा सांगाडा धरून धापा टाकत होते. रांगोळीवरून सरळ चालत त्या माझ्यासमोर आल्या.

“तूच न्हवं का गं ती? गोड गोड बोलून माझ्या घरात ठिवून गेलीस ते?”

“हो... मीच.”

“बंद पडलंय! ऐन टायमाला दगा दिला त्यानं! उद्या लगीन हाय अक्कलकोटला, ऑर्डर घेतलीया मी, भाजलेलं दाणं परातीत पडल्यात, आन् ह्ये मधीच खाटकन् मोडून बसलंय! काय करू सांग? काय तोंड दाखवू त्या लोकांना?”

“बाई, बाई,” प्रिन्सिपलसाहेब लगबगीनं पुढं आले, “आपण जरा बाहेर माझ्या केबिनमध्ये—”

“साहेब, इथंच बोलू द्या त्यांना.” माचणूरकर सर कुठून आले कोण जाणे. एरवी पाय ओढत चालणारा माणूस, आज जवळजवळ धावत आला होता. त्यांनी अध्यक्षांसाठी ठेवलेली गादीची खुर्ची ओढून महानंदाबाईंपुढं केली. “बसा बाई. पाणी घ्या, मग भांडा.”

“मला बसायला टाइम न्हाई! पानी नगं मला!”

“बरं, मग आधी भांडा.”

त्या भांडल्या. असं भांडण मी जन्मात ऐकलं नव्हतं. आमचा, कॉलेजचा, मोटर बनवणाऱ्याचा आणि आमच्या मास्तरांच्या शिकवण्याचा उद्धार झाला. प्रिन्सिपलसाहेबांच्या चेहऱ्याचे रंग बदलत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण एवढ्या लोकांसमोर कुणी मला असं कधी बोललं नव्हतं. बसवराज माझ्यामागं लपला. सर मात्र दोन्ही हात पाठीमागं बांधून, कीर्तन ऐकावं तसे मान डोलवत ऐकत होते.

बाईंना दम लागला तेव्हा अध्यक्षांनी सरांकडं संशयानं पाहिलं. “प्रोफेसर, हे बसवलेलं नाटक तर नाही?”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. बुधवारचे मामा त्यांनाही आठवले असणार. मी जोरजोरात ‘नाही’ म्हणून मान हलवली. तेव्हा सर महानंदाबाईंपुढं गेले आणि अगदी थंडपणे म्हणाले, “चूक आमची आहे बाई. पोरांचं मशीन आहे, शिकाऊ हात आहेत. तुम्हाला फार त्रास झाला. हे मशीन आम्ही परत घेतो. तुमची जुनी पद्धत होतीच की, मुसळ होतं. त्यानं करा आजची ऑर्डर. ए, उचला रे ते.”

शिपाई पुढं झाला. महानंदाबाई त्याच्याआधी पुढं झाल्या आणि सांगाड्याला त्यांनी दोन्ही हातांनी मिठी मारली.

“बघू तर कोण हात लावतंय ते!”

शिपायानं हात मागं घेतला.

“परत न्या म्हणलं का मी? दुरुस करून द्या म्हणायलेय! मुसळ धर म्हणताय मास्तर? का धरू? इतकी वर्षं धरलं न्हवं? रात्री कूस बदलता येत न्हवती, सुनंला सांगायचे, बाई, माझी येनी घाल, माझा हात वर जात न्हाई. ह्ये आल्यापासून माझी येनी मी घालायलेय. त्ये उखळ उचलून परड्यात टाकलं मी, कोंबड्या पानी पित्यात त्यातनं. आता पुन्ना धुऊन आत घिऊ व्हय? मी न्हाई घेणार. ह्ये चालू केल्याबिगर मी हितनं हलनार न्हाई, पोलीस बोलवा न्हाईतर कुनाला बी बोलवा!”

सर वळले. त्यांनी चष्मा काढला, तो सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले आणि बराच वेळ पुसत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, “बसवराज, विजू, पान्हे आणा. वर्कशॉप उघडा.” आणि अध्यक्षांना, “सर, माफ करा. आमचा तास सुरू झालाय.”

अध्यक्षही आमच्यामागोमाग वर्कशॉपमध्ये आले, त्यामुळं प्रिन्सिपलसाहेबांनाही यावं लागलं. महानंदाबाई एका स्टुलावर बसून आमच्यावर पहारा देत होत्या. “सावकाश कशाला करालाय? हात चालवा की,” असं मधूनमधून चालूच होतं. मुसळ उचलणाऱ्या दांड्याची खीळ तुटली होती. मी ती ठोकून बाहेर काढली आणि सरांच्या तळहातावर ठेवली.

सरांनी ती उजेडाकडं धरली. एका बाजूनं ती इतकी झिजली होती की निम्मी उरली होती.

“बघ,” ते मला म्हणाले. “नुसती तुटली नाही. झिजलीय.”

एवढंच बोलले. पण ती झिजलेली खीळ बघताना मला जे वाटलं ते मला त्यानंतर कुठल्याही बक्षिसानं वाटलेलं नाही. कुणीतरी माझी वस्तू दिवसन् दिवस वापरली होती. माझ्यावर माया म्हणून नव्हे, त्या बाईला माझं नावही आठवत नव्हतं. तिला ती लागत होती म्हणून. मघाशी सगळ्यांसमोर आलेलं रडू मी दाबलं होतं, ते आता दाबता येईना. रडत रडतच मी लेथवर नवी खीळ केली, पहिलीपेक्षा जाड आणि कडक पोलादाची. बसवराज मशीनला ती बसवत असताना सर माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

“तुला ठाऊक आहे, मीही एकेकाळी कारखाना काढला होता?”

मला ठाऊक नव्हतं. कॉलेजात कुणालाच नसावं.

“तुझ्यापेक्षा थोडा मोठा असेन. बिनधुराची चूल बनवली होती. आमच्या आईचे डोळे धुरानं गेले होते, म्हणून. मंगळवेढ्याकडच्या गावांतून वाटल्या. काय कौतुक झालं सांगू! दिल्लीला बोलावून शाल दिली. बायका ओवाळायच्या मला. एकही तक्रार नाही. मी म्हटलं, जिंकलो. घरचं शेत विकून कारखाना टाकला, चुलींची चळत लावली. आणि एकही चूल विकली गेली नाही. का ते कळेना. शेवटी पुन्हा एकेका घरी गेलो. एका घरात माझ्या चुलीवर देव्हारा मांडलेला होता. दुसऱ्या घरी सोवळ्याची भांडी. स्वयंपाक सगळीकडं जुन्या चुलीवर. भाकरी नीट भाजायची नाही माझ्या चुलीवर. तोंड लहान होतं, तवा बसायचा नाही. एवढंच. चार दिवसांत सुधारता आलं असतं.” ते थांबले. “पण मला कुणी सांगितलंच नाही गं. लोक फार चांगले होते. चांगल्या माणसांनीच माझं वाटोळं केलं.”

“सर...”

“माझ्याकडं कधी कुणी भांडायला आलं नाही, विजू. तुझ्याकडं आलंय.”

तिकडं बसवराजनं बटण दाबलं. धप्प, धप्प, धप्प. महानंदाबाई उठल्या, कान देऊन ऐकलं, मुसळाला हात लावून हलतंय का बघितलं, आणि आमच्यापैकी कुणाचे आभार वगैरे न मानता रिक्षावाल्यावर ओरडल्या, “उचल की, बघत काय उभारलास?” दारातून वळून मला म्हणाल्या, “पुन्ना मोडलं तर पुन्ना येनार. सांगून ठिवते.”

“या,” मी म्हटलं. “नक्की या.”

समितीचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. आम्हाला मार्क मिळाले आणि सरांचा विषय बंद झाला नाही, एवढं माहीत आहे. माझ्या डोक्यात तेव्हा सोमवार होता. आणि सोमवारच्याही आधी नाना.

रविवारी सकाळी नाना गॅलरीत बसून दाढी करत होते. आठवड्यातली त्यांची एकुलती एक निवांत वेळ. मी जाऊन शेजारी बसले आणि जे झालं ते सगळं सांगितलं. मामांपासून सांगितलं, म्हणजे ते हसतील आणि पुढचं सोपं जाईल. हसलेही. मग मी म्हटलं, “नाना, मला पुण्याला जायचं नाही.”

त्यांचा वस्तरा गालावर थांबला.

“पेढे वाटलेत अम्मा मी.” मला ते लाडानं अम्मा म्हणायचे.

“माहितेय.”

“कंपनी मोठी आहे. पगार महिन्याच्या महिन्याला. आणि इथं काय? एक बाई शिव्या देऊन गेली, म्हणून तू राहणार?”

“हो.”

त्यांनी उरलेली दाढी केली. तोंड धुतलं. पंच्यानं पुसत पुसत माझ्याकडं न बघता रस्त्याकडं बघत उभे राहिले. मला वाटलं, आता आईला हाक मारतील, मग दोघं मिळून मला समजावतील आणि मी ऐकेन. मी तशी हट्टी असले तरी नानांपुढं माझं काही चालायचं नाही.

“ती बाई पुन्हा येईल का?” त्यांनी विचारलं.

“मोडलं की येईल.”

“मोडेलच. मशीन आहे ते. आमचे माग इतकी वर्षं चाललेत, रोज मोडतात.” पंचा त्यांनी खांद्यावर टाकला. “सूत तुटलं की विणकर उभ्या जागी ओरडतो, नरसय्या! मी कुठंही असलो तरी जातो. जेवत असलो तरी जातो. मी नसलो, तर तो काय करेल? दोनदा ओरडेल. तिसऱ्यांदा ओरडणार नाही. माग सोडून घरी जाईल.”

नाना आता माझ्याकडं वळले.

“ती बाई ते दगडी उखळ कोंबड्यांची घाण धुऊन पुन्हा आत घेणार नाही म्हणाली ना?”

“हो नाना.”

“मग तू पुण्याला गेलीस, तर तिनं भांडायचं कुणाशी?”

नानांनी उत्तराची वाट पाहिली नाही. शर्ट चढवला, चपला घातल्या, आणि गल्लीत खाली उतरून गेले. पेढे घेतलेल्या प्रत्येक घराच्या दाराशी उभं राहून ते सांगत होते ते मला वर ऐकू येत होतं, “आमची विजू जात नाही पुण्याला. तिला इथं काम आहे.”